प्रकाश, ध्वनी, सेट: मुंबईच्या रंगभूमीवर तांत्रिक काम सुरू करणाऱ्यांसाठी

दुपारी चारला दादरच्या शिवाजी मंदिरात प्रयोग. साडेसहा-पावणेसातला पडदा पडतो. पंधरा-वीस मिनिटांत सेट मोडून टेम्पोत, कारण रात्रीच्या नाटकाचा टेम्पो गेटवर उभा असतो. दुसऱ्या दिवशी तेच नाटक ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये उभं राहायला हवं. तिथे रंगमंचाची रुंदी वेगळी, लाईट टांगायचे आडवे बार वेगळे आणि साऊंडची जागाही वेगळी असते.

मुंबईत तांत्रिक काम करायचं असेल तर ही गोष्ट सगळ्यात आधी पक्की समजून घ्या. लंडन-न्यूयॉर्कचं मोठं नाटक एकाच नाट्यगृहात महिनोन्महिने मुक्काम करतं. तिथे सेट कायम उभा असतो आणि लाईट एकदा लावले की तसेच राहतात. मराठी व्यावसायिक नाटक दर प्रयोगाला नव्याने उभं राहतं आणि त्याच रात्री मोडलं जातं. त्यामुळे इथे चांगला तंत्रज्ञ म्हणजे तीच गोष्ट तासाभरात, परक्या जागी, न चुकता पुन्हा उभी करणारा माणूस. खालची प्रत्येक सूचना याच गरजेतून आली आहे.

१. कोण काय करतं ते ओळखा

जाहिरातीत नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, वेशभूषा, रंगभूषा अशी नावं असतात. ही माणसं आराखडा करतात. शुभारंभानंतरचे दोनशे प्रयोग वेगळीच माणसं चालवतात: लाईट ऑपरेटर, साऊंड ऑपरेटर, सेट लावणारे, प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू सांभाळणारा, कपडेपट पाहणारे आणि रंगमंच व्यवस्था बघणारा. या सगळ्यांवर असतो सूत्रधार. नांदीनंतर येणारा सूत्रधार हा नव्हे. मराठी व्यावसायिक नाटकात सूत्रधार म्हणजे तारखा, गाड्या, माणसं, पैसे या सगळ्यांचं व्यवस्थापन करणारा. तुम्हाला कामावर बोलावणारा फोन बहुतेक वेळा त्याचाच येतो.

याशिवाय नाट्यगृहाचे स्वतःचे इलेक्ट्रिशियन आणि ध्वनी कर्मचारी असतात. त्यांच्या मेन स्विचला किंवा पॅच पॅनलला (दिव्यांच्या वायरी जिथे जोडतात तो फलक) न विचारता हात लावायचा नाही. कोणता सॉकेट सैल आहे, कोणत्या फेजवर आधीच भार आहे, कुठल्या बारची दोरी अडकते, हे त्यांना पाठ असतं. प्रयोगाला आलात की आधी त्यांना भेटा आणि आज काय काय लागणार ते सांगा. वयाने मोठ्या कामगारांना नावापुढे दादा, मामा, काका लावूनच हाक मारली जाते. ही रीत पाळा.

नवख्याने सुरुवात ऑपरेटर किंवा सेटवरचा मदतनीस म्हणून करावी, असं आमचं ठाम मत आहे. दुसऱ्याची प्रकाशयोजना पन्नास वेळा चालवल्याशिवाय कोणता क्यू (ठरलेल्या क्षणी करायचा लाईटचा किंवा साऊंडचा बदल) प्रत्येक नाट्यगृहात टिकतो आणि कोणता फक्त तालमीत छान दिसतो, ते कळत नाही.

२. शिरकाव कुठून करायचा

सगळ्यात मोकळं दार एकांकिका स्पर्धांचं. महाविद्यालयात असाल तर तिथल्या नाट्यमंडळात जा. नसाल तरी हौशी संस्थांना लाईट आणि सेटसाठी माणसं कायम कमी पडतात. एकांकिकेत नेपथ्य लावायला मोजकी मिनिटं मिळतात. वेळ ओलांडली तर संघाचं नुकसान होतं, म्हणून झटपट उभारणीची सवय इथेच लागते. राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिकं आहेत. तिथे दोन-तीन वर्षं काम केलेल्या माणसाला व्यावसायिक सूत्रधार गांभीर्याने घेतो.

दुसरं दार प्रायोगिक नाटकाचं. जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ साली सुरू झालं. तिथे जेमतेम दोनशे प्रेक्षक बसतात आणि ते रंगमंचाच्या तीन बाजूंना असतात. समोरच्या चौकटीची सवय असलेल्यांना इथे प्रकाशाचा विचार मुळापासून बदलावा लागतो, कारण एका बाजूचा मागचा प्रकाश हा दुसऱ्या बाजूच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांवरचा प्रकाश ठरू शकतो. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) लहान एक्सपेरिमेंटल थिएटरपासून हजारावर आसनांच्या जमशेद भाभा थिएटरपर्यंत अनेक सभागृहं आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ साली सुरू झालेल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरचं ग्रँड थिएटर सुमारे दोन हजार आसनांचं आहे आणि तिथे परदेशी संगीतनाट्यंही येतात. अशा मोठ्या ठिकाणी स्थानिक मदतनीस म्हणून चार दिवस जरी काम मिळालं, तरी हेडसेटवरून क्यू देण्याची शिस्त जवळून पाहता येते.

तिसरं दार शिक्षणाचं. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय हे ठळक पर्याय. दिल्लीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि त्यात आराखड्याचं सखोल शिक्षण मिळतं. प्रवेश घेण्याआधी वर्षभर प्रत्यक्ष प्रयोगांवर काम करा. शिक्षक काय शिकवत आहेत ते मग हाताला समजतं.

आणि एक साधा मार्ग, जो फार थोडे लोक वापरतात: प्रयोग संपल्यावर रंगमंचामागे जाऊन सेट काढायला मदत लागेल का, असं सूत्रधाराला विचारा. नकार मिळाला तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नाटकाला विचारा.

३. पिशवीत काय हवं

काळे पूर्ण कपडे. पुढून बंद, जाड रबरी तळव्याचे बूट. चपला, सँडल, बर्म्युडा घालून आलेल्याला सेटवर चढू देऊ नये आणि तुम्हीही तसे जाऊ नका. लेव्हलचा, म्हणजे रंगमंचावर उंची देणाऱ्या लाकडी चौथऱ्याचा, कोपरा पायावर पडला तर बोट मोडतं.

छोटी टॉर्च, तिच्या काचेवर निळ्या जेलचा (दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचा) तुकडा चिकटवलेला. कमीजास्त होणारा पाना, मनगटाला किंवा पट्ट्याला दोरीने बांधलेला, कारण पंधरा फुटांवरून सुटलेला पाना खाली कोणाच्याही डोक्यात बसू शकतो. चामड्याचे हातमोजे, कारण हॅलोजनचं घर मिनिटभरात हात भाजण्याइतकं तापतं. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, कटर, मोजपट्टी, इन्सुलेशन टेप, पांढरी कापडी टेप, अंधारात चमकणारी टेप, मार्कर, सुतळी, जाड वही, दोन पेन. आणि मल्टीमीटर. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. अर्थिंग आहे का आणि न्यूट्रल सैल आहे का, हे टेस्टर सांगत नाही.

४. तासाभराचं गणित

दुपारचा प्रयोग सातपर्यंत रंगमंच रिकामा करतो आणि रात्री साडेआठचा प्रयोग आहे, असं धरू. आठ वाजून दहा मिनिटांनी प्रेक्षक आत येतात, म्हणजे हातात सत्तर मिनिटं. क्रम साधारण असा ठेवतात:

पहिली दहा मिनिटं: टेम्पो रिकामा. त्याच वेळी एकजण रंगमंचाची मध्यरेषा काढतो आणि पुढच्या पडद्यापासून सेटची पहिली ओळ टेपने आखतो.
दहा ते पंचवीस: लाईट. रंगमंच मोकळा असतानाच वरच्या बारवर दिवे टांगायचे. एकदा लेव्हल आणि सोफा आला की शिडी फिरवायला जागा उरत नाही. बहुतेक उशीर इथेच होतो, कारण सेटवाले घाई करतात आणि लाईटवाल्याला मग सोफ्यावरून शिडी ओढावी लागते.
पंचवीस ते पंचेचाळीस: मागचे फ्लॅट (सेटच्या भिंतीचे सुटे तुकडे), मग बाजूचे, मग लेव्हल, दारं-खिडक्या, फर्निचर.
पंचेचाळीस ते साठ: फोकस (दिव्यांचे झोत नेमक्या जागी वळवणं), माइक, प्रॉपर्टी टेबलावर मांडणं.
शेवटची दहा मिनिटं: पुढचा पडदा बंद करून प्रत्येक दार उघडून-लावून पाहणं, सगळे क्यू एकदा पटकन चालवणं, विंगेतल्या वायरींवर टेप.

मग पहिली घंटा, दुसरी, आणि तिसरी. तिसऱ्या घंटेनंतर रंगमंचावर कोणीही हातोडा उचलायचा नाही.

हे जमण्यासाठी तयारी आधीच हवी. प्रत्येक फ्लॅटच्या मागे मोठा क्रमांक लिहा: उजवीकडचे उ१, उ२, डावीकडचे डा१, डा२, मागचे मा१, मा२. उजवी-डावी बाजू नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची. टेम्पो भरताना जे सगळ्यात शेवटी लागणार ते सगळ्यात आत. खिळे, बोल्ट, पिना, बिजागऱ्या यांचा एक ठरलेला डबा, एकाच माणसाच्या ताब्यात. एक बोल्ट हरवल्याने दहा मिनिटं गेली, असं नाट्यगृहांत वारंवार होतं.

५. सेट: वजन, रुंदी, डगमग

प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार फुटांचा येतो. १२ मिलिमीटर जाडीचा तक्ता वीस ते पंचवीस किलो भरतो, ६ मिलिमीटरचा त्याच्या निम्मा. दौऱ्यावर फिरणारा सेट करताना हे आकडे डोळ्यासमोर हवेत. दोन इंच बाय एक इंच पट्टीच्या चौकटीवर पातळ प्लाय किंवा ताणलेलं कापड लावलेला फ्लॅट एक माणूस उचलतो. जाड प्लायच्या फ्लॅटला दोघे लागतात आणि प्रयोगाला तेवढी माणसं मिळतीलच असं नसतं.

नाट्यगृहागणिक रंगमंचाची रुंदी बदलते. तीस फुटांसाठी आखलेला सेट चोवीस फुटांत बसवायची वेळ येते. म्हणून दोन्ही टोकांचे फ्लॅट आत दुमडता येतील असे ठेवा आणि दार कधीही टोकाच्या फ्लॅटमध्ये घेऊ नका. दार अडकणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा त्याचं मूळ जमिनीत असतं: रंगमंचाची फळी थोडी उंचसखल असते, फ्लॅट तिरका उभा राहतो आणि चौकट चौकोनी राहत नाही. दाराच्या चौकटीखाली सारायला पातळ लाकडी चकत्या नेहमी सोबत ठेवा आणि दारामागच्या फ्लॅटला तिरपा आधार देऊन त्यावर वजन टाका. दार जोरात आपटलं तरी भिंत हलली नाही, तर काम नीट झालं.

लेव्हलचं वरचं प्लाय १८ मिलिमीटरचं हवं. पायांना तिरके आधार नसतील तर नट नाचला की लेव्हल सरकते. दोन लेव्हल शेजारी ठेवल्यावर त्या बोल्टने एकमेकींना जोडाच, नाहीतर प्रयोगभरात फट पडते आणि त्यात टाच अडकते. अंधारात उतरायच्या पायऱ्यांच्या कडेला चमकती टेप लावा, पण पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसणार नाही अशा बाजूने.

आराखडा काढायला शिका. अर्धा इंच म्हणजे एक फूट हे प्रमाण सोयीचं: तीस फुटांचा रंगमंच कागदावर पंधरा इंचांत मावतो. पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीपासून विंगेपर्यंत रेघ ओढा. त्या रेघेच्या आत जे येतं ते प्रेक्षकाला दिसणार, मग ते विंगेत उभे राहून पाणी पिणारे तुम्हीसुद्धा असाल.

६. लाईट: आधी भार, मग सौंदर्य

हा भाग आम्ही मुद्दाम लांबवतो आहोत, कारण इथल्या चुकीची किंमत जीव असू शकतो.

जुन्या पद्धतीचा पार ६४ दिवा हजार वॅटचा. २३० व्होल्टवर तो साधारण ४.३ अँपिअर ओढतो. म्हणजे १५ अँपिअरच्या एका सॉकेटवर तीन, चौथा नाही. चौथा लावला तर फ्यूज लगेच उडेलच असं नाही. वायर तापत राहते आणि दुसऱ्या अंकात जळका वास येतो. बारा चॅनलचा डिमर (दिवे मंद-तेज करणारं यंत्र), प्रत्येक चॅनल दोन किलोवॅट, म्हणजे एकूण चोवीस किलोवॅट. हे एकाच फेजवर घेतलं तर शंभर अँपिअरच्या वर जातं. तीन फेजांवर चार-चार चॅनल वाटले तर प्रत्येक फेजवर सुमारे पस्तीस. वाटणी करताना चॅनल मोजून भागत नाही, एका वेळी किती दिवे पेटणार ते पाहावं लागतं. रात्रीच्या प्रवेशातले सगळे निळे एकाच फेजवर असतील, तर तेवढ्या प्रवेशापुरता तोल बिघडतो.

दोन वेगळ्या फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात. म्हणून एका हाताला पोचतील अशा दोन दिव्यांना शक्यतो वेगळ्या फेज देऊ नका. गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर पूर्ण उलगडूनच वापरा. वेटोळ्यात उष्णता साठते आणि आवरण वितळतं. १५ अँपिअरच्या भाराला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी.

सैल न्यूट्रल हा उघड्या मैदानातल्या प्रयोगांचा मोठा शत्रू. कोकण-गोव्याच्या जत्रांत किंवा गणेशोत्सवात जनरेटरवर काम करताना न्यूट्रल सुटला तर एका फेजवरचा व्होल्टेज धोकादायक वाढतो आणि साऊंड, एलईडी, लॅपटॉप एका झटक्यात जळतात. लक्षण असं: काही दिवे अचानक झगझगतात आणि त्याच वेळी दुसरे मंदावतात. दिसताक्षणी मेन बंद. आधी बंद, मग चर्चा. जोडणी करताना न्यूट्रल आणि अर्थिंग पहिल्यांदा, फेज शेवटी. काढताना याच्या उलट.

एलईडी दिव्यांमुळे भाराची चिंता कमी झाली, पण नव्या अडचणी आल्या. एलईडीला डिमरच्या चॅनलवर कधीच लावू नका. त्याला सरळ वीज हवी, मंद-तेज करणं डीएमएक्स सिग्नलने, म्हणजे कन्सोलकडून दिव्याला वायरीतून जाणाऱ्या डिजिटल हुकमाने होतं. डीएमएक्स ५१२ मध्ये एका ओळीवर ५१२ चॅनल मिळतात. दिव्याचे आठ चॅनल असतील तर पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ९, मग १७, २५, ३३, ४१. दोन दिव्यांचे पत्ते एकमेकांवर चढले, तर एकाचा लाल वाढवताना दुसरा लुकलुकायला लागतो. वायर एका दिव्यातून दुसऱ्यात अशी साखळीने न्यायची, मध्येच दोन फाटे फोडायचे नाहीत. फाटा हवाच असेल तर स्प्लिटर. एका साखळीत बत्तीसच्या वर दिवे नकोत आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (साखळीचं टोक बंद करणारा प्लग) लावा. माइकची वायर डीएमएक्सला चालते, असं पुष्कळजण सांगतील. छोट्या अंतरावर चालतेही. लांब अंतरावर तीच वायर दिवे मधूनच चमकवते, आणि प्रयोग सुरू असताना कारण शोधायला वेळ नसतो.

हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथे काच जास्त तापते आणि फुटते. थंड दिव्याला एकदम पूर्ण वीज दिली तर फिलामेंट तुटण्याची शक्यता वाढते, म्हणून घंटेआधी पाच मिनिटं सगळे दहा टक्क्यांवर गरम करून घ्या. प्रत्येक टांगलेल्या दिव्याला वेगळी सुरक्षा साखळी हवी. क्लँप घट्ट आहे, म्हणून साखळी नको, असं कधीही समजायचं नाही.

आता चेहरा. समोरून आणि वरून साधारण ४५ अंशांनी येणारा प्रकाश डोळे-नाक ओळखू देतो. त्याहून उभा झाला तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, त्याहून आडवा झाला तर मागच्या भिंतीवर मोठी सावली. फोकस करताना नटाच्या जागी स्वतः उभे राहा, दिव्याकडे पाहा: झोताचा सगळ्यात तेजस्वी मध्य डोळ्यांत लागला पाहिजे. मागून येणारा थोडा प्रकाश केस आणि खांदे भिंतीपासून सुटे करतो. बजेट कमी असलं की पहिल्यांदा हाच कापला जातो आणि मग सगळं चित्र सपाट दिसतं. लाल-हिरवा-निळा मिसळून एलईडीने केलेला पांढरा आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर राखाडी-जांभळट दिसतो. चेहऱ्यासाठी वेगळा पांढरा किंवा अंबर असलेला एलईडी वापरा. नाहीतर हॅलोजनवर ली कंपनीचं १०३ किंवा १५२ क्रमांकाचं जेल. रात्रीसाठी १६१ किंवा ११७. गडद निळा चेहऱ्यावर पडला की नटाचे भाव हरवतात, म्हणून गडद निळा भिंतीवर आणि फिका निळा माणसावर.

घरी सराव करायचा असेल तर क्यूएलसी प्लस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. एक साधा एलईडी पार आणि यूएसबीवरचा डीएमएक्स इंटरफेस घेतला की महिनाभरात पत्ते, क्यू, फेड हे सगळं हाताखाली येतं. पुढे मोठ्या कार्यक्रमांत ग्रँडएमए कन्सोल भेटतो. त्याचं संगणकावर चालणारं रूपही मोफत मिळतं.

७. साऊंड

गाणी आणि ध्वनिपरिणाम वाजवायला मॅकवर क्यूलॅब हे सॉफ्टवेअर. साध्या दोन स्पीकरच्या कामाला त्याचं मोफत रूप पुरतं. लॅपटॉप कोणताही असो: इंटरनेट बंद, सूचना बंद, झोपेचा पर्याय बंद. सगळ्या फाइल्सची प्रत पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या उपकरणात. चार्जर लावल्यावर घुं असा आवाज आला तर चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर दोष अर्थिंगच्या वळशाचा (ग्राउंड लूपचा) आहे, आणि लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स ही छोटी जोडपेटी लावून तो सुटतो.

बऱ्याच मराठी नाटकांत फूट माइक (रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले) आणि टांगते माइक असतात. माइकची शिट्टी (फीडबॅक) वाजू लागली की नवखा माणूस आवाज कमी करतो, आणि मग शेवटच्या रांगेला काही ऐकू येत नाही. आधी माइक मोजा. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक सुमारे तीन डेसिबलने घटते. ज्या भागात कोणी बोलत नाही तिथला माइक खाली ओढा. माइक स्पीकरच्या पुढच्या रेषेत आले आहेत का, तेही पाहा. रिकाम्या सभागृहात ऐकलेला आवाज आणि भरलेल्या सभागृहातला आवाज वेगळा असतो, कारण माणसं आणि कपडे आवाज शोषतात. पहिल्या पाच मिनिटांत सभागृहात मागे जाऊन स्वतः ऐका. कॉर्डलेस माइकचे सेल प्रत्येक प्रयोगाला नवे टाका, अर्धे वापरलेले तालमीला ठेवा.

८. क्यू शीट

संहितेची प्रत घ्या, डाव्या पानावर संवाद, उजव्या पानावर क्यू. प्रत्येक क्यूला पाच गोष्टी: क्रमांक, पान, केव्हा, काय, किती सेकंदांत. उदाहरणार्थ: "१४ / पान २३ / ती ट्रे ठेवून खिडकीकडे वळली की / समोरचे दोन ४० वर, खिडकीतला निळा ६० वर / ५ सेकंद." केव्हा या रकान्यात नुसतं वाक्य लिहू नका, सोबतची हालचालही लिहा. शंभराव्या प्रयोगात नट वाक्य बदलतो किंवा गाळतो, हालचाल सहसा तीच राहते.

मराठी नाटकात ऑपरेटर बहुधा स्वतःच संवाद ऐकून क्यू देतो. मोठ्या संकुलांत रंगमंच व्यवस्थापक हेडसेटवरून बोलतो: "लाईट चौदा, स्टँडबाय", मग "लाईट चौदा, गो". गो हा शब्द हेडसेटवर इतर कोणत्याही कारणासाठी उच्चारायचा नाही. दोन्ही पद्धती यायला हव्यात. क्यू शीट अशी लिहा की तुम्ही तापाने आजारी पडलात तर दुसरा माणूस ती वाचून प्रयोग चालवू शकेल.

९. शॉक, उंची, आग

विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावू नका. मेन बंद करा. ते लगेच शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला वायरपासून दूर करा, मग १०८ ला फोन. शिडीवर एकटे चढू नका, खाली धरणारा माणूस हवाच. उपाशी पोटी, रात्रीच्या दौऱ्यानंतर न झोपता उंचावर काम करू नका, मग सूत्रधार कितीही घाईत असो. कापडी पडदे आणि तापलेला दिवा यांच्यात हातभर तरी अंतर ठेवा. नाट्यगृहात शिरल्यावर अग्निशामक कुठे आहे ते डोळ्यांनी पाहून ठेवा.

१०. पैसे

रंगभूमीवर मोबदला प्रयोगागणिक मिळतो, त्याला नाईट म्हणतात. काम स्वीकारण्याआधी एवढं विचारा: नाईट किती, त्याच रात्री की महिनाअखेर, दौऱ्यावर भत्ता आणि जेवण कोणाचं, प्रयोग ऐनवेळी रद्द झाला तर काय, दोन प्रयोगांच्या दिवशी दोन नाईट की एक, रंगीत तालमीचे पैसे आहेत का. विचारल्याने कोणी रागावत नाही. उत्तर मोबाइलवर लिहून पाठवा, म्हणजे दोघांनाही लक्षात राहतं. डिझाइनरला बहुतेकदा एकरकमी मानधन असतं, काही निर्माते प्रयोगागणिकही देतात; ते आधी ठरवा.

पॅन कार्ड आणि बँक खातं तयार ठेवा. मोबदल्यातून टीडीएस कापला गेला तर वर्षाअखेर विवरणपत्र भरा. उत्पन्न करपात्र नसेल तर ती रक्कम परत मिळते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, वय १८ ते ७०. शिडीवर चढणाऱ्या प्रत्येकाने ते आजच घ्यावं. असंघटित कामगारांसाठीची ई-श्रम नोंदणीही करून ठेवा.

रात्रीचा प्रयोग अकराच्या सुमारास संपतो, टेम्पो भरेपर्यंत साडेबारा होतात. शेवटच्या लोकलची वेळ पाठ असू द्या आणि गाडी चुकली तर सूत्रधार घरी सोडणार का, हेही आधीच विचारून घ्या. मुलींनी तर हा प्रश्न संकोच न करता पहिल्याच फोनवर विचारावा; चांगले निर्माते याची सोय करतातच.

नुसत्या नाटकावर पहिली दोन वर्षं घर चालवणं अवघड असतं. म्हणून बरेच तंत्रज्ञ आठवड्याच्या मधल्या दिवसांत इव्हेंट, मालिका, जाहिरातींची कामं करतात. चित्रपट-मालिकांच्या सेटवर त्या-त्या कामाच्या संघटनेचं कार्ड मागितलं जातं, त्याची चौकशी वेळेत करा. शनिवार-रविवार मात्र नाटकासाठी राखा, कारण व्यावसायिक नाटकांच्या बहुतेक तारखा त्याच दिवशी असतात आणि दोनदा नाही म्हटलं की तिसरा फोन दुसऱ्याला जातो.

११. स्वतःची फाइल

पहिल्या दिवसापासून प्रत्येक नाटकाची एक फाइल करा: रंगमंचाचा आराखडा, कुठल्या बारवर कोणता दिवा याची यादी, क्यू शीट, प्रेक्षागृहाच्या मधल्या रांगेतून काढलेले प्रत्येक प्रवेशाचे फोटो. फोटो रंगीत तालमीत काढा, प्रयोग सुरू असताना नव्हे, आणि निर्मात्याची परवानगी घेऊन. सोबत नाट्यगृहांची एक वेगळी वही: रंगमंच किती रुंद आणि खोल, पुढच्या पडद्यापासून पहिला बार किती दूर, बार खाली येतो की शिडी लागते, किती सॉकेट, टेम्पो मागच्या दारापर्यंत येतो की माल उचलून न्यावा लागतो. वर्षभरात पंधरा-वीस नाट्यगृहं अशी मोजून झाली, की नव्या नाटकाच्या तालमीत नेपथ्यकार जिना कुठे घ्यायचा यावर अडला असताना वही उघडून सांगता येतं: इथे घेतला तर तीन नाट्यगृहांत तो विंगेत जाईल, दोन फूट आत घ्या.